पाटकऱ्याच्या दारातली टोपली

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक माळीण राहत होती. स्वभावाने भारी संशयी. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. ही बाई न पोळताच फुंकायची. वाण्याचा तराजू, शेजारणीचं गोड बोलणं, देवळातल्या पुजाऱ्याचे मिटलेले डोळे, कशावरच तिचा विश्वास नसे.

गावाला बंधाऱ्याचं पाणी एका पाटाने मिळायचं. ते पाळीपाळीने शेतांना सोडायला गाव दर वर्षी एक पाटकरी निवडत असे. जे उभे राहतील त्यांच्या नावाचे घडे देवळापुढे मांडायचे आणि प्रत्येक घराने आपल्या पसंतीच्या घड्यात एक चिंचोका टाकायचा, अशी रीत होती. पाटकरी दर वर्षी नवा येई, पण पाणी काही पाटाच्या शेवटापर्यंत येत नसे. वरची शेतं तुडुंब भरत आणि शेवटाला असलेला माळणीचा मिरचीचा तुकडा चैत्र लागला की मान टाकी. तेवढ्या तुकड्यावरच तिचं घर चालायचं.

चिंचोक्यांत घोळ आहे अशी माळणीची खात्री होती. एका वर्षी ती सकाळपासून घड्यांसमोर ठाण मांडून बसली. कुणाचा हात घड्यात जरा जास्त राहिला की ती सरळ मनगट धरायची. मोजणीसुद्धा तिने स्वतः केली. घोळ कुठेच निघाला नाही, आणि त्याचा तिला फार राग आला.

मग तिने ठरवलं, माणूसच आपला निवडून आणायचा. तिच्या दिराचं शेत तिच्या बांधाला लागूनच होतं, म्हणजे कोरड त्यानेही सोसलेली. माणूस सरळ, मुंगीलाही वाट देणारा. माळणीने घरोघर फिरून त्याच्यासाठी चिंचोके मागितले आणि पुढच्या वर्षी दीर पाटकरी झाला. पहिल्या पाळीला पाणी तिच्या मिरचीपर्यंत आलं. नंतरच्या पाळीला ते अर्ध्या वाफ्यातच थांबलं. होळी उलटली आणि पहिले पाढे पंचावन्न.

कुंपणच शेत खातंय, असं माळणीने मनाशी ठरवून टाकलं. दिराला कुणीतरी लाच देत असणार. कोण देतंय ते पाहायला ती एक दिवस दिराच्या अंगणातल्या कडब्याच्या गंजीआड जाऊन बसली.

एक बाई दुधी भोपळा घेऊन आली. दुसरीने व्यालेल्या गाईचा चीक आणला. कुणी शेंगा आणल्या, कुणी गूळ. सगळा वानोळा. शेतातलं, गोठ्यातलं जे पहिलं येईल ते आधी पाटकऱ्याच्या घरी पोचतं करायचं, ही गावाची जुनी चाल होती. कुणी काही मागितलं नाही. बायका ख्यालीखुशाली विचारत आणि जात. पण उन्हं कलली तेव्हा भोपळेवालीचा नवरा दारात आला आणि आमच्या शेताचं पाणी बंद करायची फळी आज जरा उशिरा टाका म्हणाला. दिराला नाही म्हणवेना. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस तो, करणार काय?

माळणीला वाटलं, चोर सापडले. ती गंजीआडून उठणार, एवढ्यात फाटकातून तिची स्वतःची सून आत आली. डोक्यावरच्या टोपलीत परसातली कोवळी वांगी होती. ती पाठवायला सकाळी माळणीनेच सांगितलं होतं.

माळीण परत गंजीआड बसली. जन्मभर तिने जगावर संशय घेतला होता, पण आपल्या टोपलीवर कधी घेतला नव्हता. दीर नुसता दीर होता तेव्हा त्याच्या घरी एक वांगं तरी पाठवलं होतं का? नव्हतं. मग आताच का पाठवलं? उत्तर तिला ठाऊक होतं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवसापासून तिने वानोळा बंद केला. काही दिवसांनी दीर पाटावर भेटला.

"वहिनी, औंदा वांगी धरली न्हाईत व्हय?"

"धरलीत की भावजी. पर तुमी पाटकरी हाय तवर तुमच्या घरी यायची न्हाईत. ते काम उतरलं की पयली टोपली तुमचीच."

दिराचा चेहरा पडला. जावेने बोलणं टाकलं. हिने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं गाव म्हणू लागलं. त्या उन्हाळ्यात तिची मिरची पार वाळली. वाळलेली झाडं उपटताना माळीण रडली, पण तिने टोपली काही पाठवली नाही.

दिराचं वर्ष सरलं त्या दिवशी मात्र ती स्वतः भरली टोपली घेऊन त्याच्या दारात गेली. जावेने ती घेतली आणि थोड्या वेळाने बसायला पाटही दिला.

पुढची निवड आली. पाटाच्या शेवटाकडच्या बायका माळणीला विचारायला आल्या, यंदा चिंचोका कुणाला टाकायचा?

"कुणालाबी टाका," ती म्हणाली. "पर टोपली घरात ऱ्हाऊ द्या."

एकीने विचारलं, असं असेल तर चिंचोका तरी कशाला टाकायचा?

"टाकायचाच बाई. मी घड्यापाशी बसणार हाय."

निवडून आला तो वरच्या अंगाचा, आतल्या गाठीचा माणूस. माळणीचा त्याच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. पण आता तिचा डोळा त्याच्यावर नव्हता, वाटेवर होता. कुणी टोपली घेऊन पाटकऱ्याच्या घराकडे निघाली की शेवटाकडच्या बायका तिला हळूच विचारायच्या, "पाणी कमी पडलं का गं?" त्यात माळणीची जाऊही असायची. वावगा शब्द एक नाही, पण ऐकणारीला टोपली जड व्हायची. कुणी चिडल्या, कुणी भांडल्या. कुणी पदराखाली झाकून नेऊ लागल्या, आणि झाकावं लागतंय म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. हळूहळू त्या दारात टोपली जाईनाशी झाली.

ऐन वैशाखात वरच्या एका शेतकऱ्याने नेहमीसारखी हाक मारली, फळी वरच राहू दे जरा वेळ. पाटकरी आधीच धुसफुसत होता, कारण यंदा त्याच्या घरी साधा भोपळाही विकतचा शिजत होता. त्याने फळी दाणकन खाली टाकली.

"पाळी संपली. तुमचं काय खाल्लंय म्या?"

पाणी पुढे सरकलं आणि शेताशेताला भिजवत माळणीच्या वाफ्यात शिरलं. तिचा अर्थातच विश्वास बसेना. वर कुठे पाट फुटला असेल म्हणून ती काठाकाठाने पार बंधाऱ्यापर्यंत पाहून आली. पाट कुठेही फुटला नव्हता. तेव्हा कुठे ती भरल्या वाफ्याशी बसली आणि हसली.

तात्पर्य: पाटकरी निवडायचा दिवस वर्षातून एकदा येतो, टोपली मात्र रोज निघते. घड्यांवर पहारा जरूर ठेवावा, पण पहिला संशय आपल्या घरातून निघालेल्या टोपलीवर घ्यावा.