ताटाची डावी बाजू

“बुवा, बायकोनंच टाकलेल्या माणसानं जावं तरी कुठं?”

भार्गवरावांनी भर पंगतीत विचारलं. मठात दुपारची पानं वाढून झाली होती आणि त्यांच्या समोरच नागनाथबुवा बसले होते.

द्वारकाबाईंनी चमकून वर पाहिलं. त्या नवऱ्याच्या डावीकडे, अगदी खेटून बसल्या होत्या. त्याचा लुळा पडलेला डावा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता.

“मला इथंच ठेवून घ्या,” भार्गवराव म्हणाले. “घरात कुठूनतरी तिचा आवाज येतो. पण तीन महिन्यांत एकदा जवळ येऊन बसली असेल तर शपथ!”

तीन महिने! अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून याच हाताला तेल चोळत बसल्या होत्या त्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, मेंदूचा उजवा अर्धा भाग दुखावलाय, म्हणून डावा हात-पाय गेला. डोळे धड आहेत, पण डावीकडचं काही त्यांच्या ध्यानातच येणार नाही. पण भार्गवरावांना सांगणार कोण? जन्मभर जमिनींच्या मोजण्या केलेला माणूस. ‘माझ्या नजरेतून वीतभर जागा सुटत नाही,’ म्हणाले आणि डॉक्टरांनाच वेड्यात काढलं.

“अहो, मी इथंच आहे हो,” द्वारकाबाई कळवळून म्हणाल्या.

भार्गवरावांनी उजवीकडे पाहिलं. तिथं मठाचा खांब होता.

“ऐकलंत? बोलते. पण दिसते का कुठं?”

बुवांनी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं.

“आधी जेव, भार्गवा.”

“कशाशी जेवू? मीठ नाही, चटणी नाही, लिंबाची फोड नाही... मठातसुद्धा माझ्याच ताटाची आबाळ!”

वाढप्याची बोबडीच वळली. बिचाऱ्यानं सगळं रीतीप्रमाणे ताटाच्या डाव्या बाजूला वाढलं होतं.

बुवा उठले. वाकून त्यांनी भार्गवरावांचं ताट अर्धं फिरवलं.

“हं, आत्ता कसं!” भार्गवरावांनी चटणी बोटावर घेऊन चाटली. त्यांचा चेहरा खुलला. “आधी वाढायला काय झालं होतं?”

बुवांनी ताट पुन्हा होतं तसं केलं.

भार्गवरावांचं बोट हवेतच राहिलं.

“चटणी कुठं गेली?”

“मोजणीदार तू. तू सांग.”

...

भार्गवराव बुवांच्या हातांकडे बघत राहिले. मग ताटाकडे. मग पुन्हा हातांकडे.

“तुमचे हात तर रिकामे आहेत,” ते सावकाश म्हणाले. “कुणी उचलली नाही. म्हणजे... ती होतीच?”

बुवांनी मान डोलावली.

“बुवा...” भार्गवरावांनी हवेतलं बोट खाली घेतलं. “मग आणखी काय काय होतं?”

द्वारकाबाईंना राहवेना. डोळ्यांना पदर लावत त्यांनी मांडीवरचा तो हात अलगद खाली ठेवला आणि त्या उठू लागल्या. पलीकडे, उजव्या बाजूला जाऊन बसलं की झालं. एकदा आपण दिसलो की त्यांचा जीव भांड्यात पडेल.

बुवांनी हात आडवा केला.

“तू हलू नकोस, बाई. त्याला वळू दे.”