मिठाचं मडकं आणि दिवाणांचा पूर

"पाण्याचा एक थेंब न सांडता दाखव, पूर कोणाच्या घरात किती चढतो! उद्या सूर्य मावळायच्या आत! नाहीतर तुमची आळी उठवून तिथे हत्तीखाना बांधीन!"

एवढं बोलून रायवेळच्या राजा रणधवलाने विडा तोंडात टाकला.

समोर गोजरा कासारीण उभी होती. तिने मागितलं काय? नदीकाठच्या कासार आळीसाठी चार नावा. गेल्या पुरात आळीची माणसं दोन दिवस छपरांवर उपाशी बसली होती. राज्याच्या बाराही नावा तेव्हा टेकडीवर, दिवाण चिमणाजीपंतांच्या दाराशी बांधलेल्या!

पंतांनी तीन वर्षं खपून पुराचा नकाशा काढला होता. त्यात पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरत होतं.

"नकाशा रेशमावर काढलाय," राजा म्हणाला. "खोटा कसा असेल?"

"कुठे बसून काढलात, पंत?" गोजराने विचारलं.

"गच्चीत! तिथून सगळं गाव दिसतं."

"गावाची जमीन सोडून!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोजरा राजाला घेऊन निघाली. बांगड्या भरायला ती घरोघर जायची. गावातली एकेक चूल तिच्या ओळखीची.

कासार आळीत मिठाचं मडकं शिंक्यात, राजाच्या पागोट्याच्याही वर.

"दूध टांगतात मांजरापायी," गोजरा म्हणाली. "मीठ कशाला टांगतील, महाराज? मांजर मीठ खातं का? पुरात एकदा मीठ विरघळलं, की बाई मडकं पाण्याच्या वर नेते. कोणी सांगावं लागत नाही."

तांबट आळीत मडकं कमरेएवढ्या फळीवर. पेठेत गुडघ्याएवढ्या कोनाड्यात. राजाच्या मुदपाकखान्यात थेट जमिनीवर! कारकून उंची लिहून घेत होता. राजा मान डोलावत होता.

ही खबर पंतांच्या कानी आधीच गेली होती. त्यांच्या स्वयंपाकघरात मडकं पार तुळईला लटकत होतं.

"बघा महाराज!" पंत गरजले. "आमच्याकडे पाणी छताला लागतं! बाराही नावा इथेच हव्यात!"

राजाच्या कपाळाला आठी पडली. "गोजरे, आता बोल!"

कासार आळीतल्या साठ घरांचा निवारा त्या एका शिंक्यावर आला होता. गोजराने वर पाहिलं. नीट पाहिलं.

"पंत, तुळई काळी. कडी काळी. भिंतीवर बोटभर काजळी. मग शिंक्याची दोरी तेवढी पांढरी कशी? पूर आज सकाळी न्याहारीनंतर येऊन गेला वाटतं!"

पंतांनी आ वासला. राजा असा हसला, की त्याला चुलीचा ओटा धरावा लागला!

"लिही रे!" तो कारकुनाला म्हणाला. "जिथे मडकं जितकं उंच, तिथे नावा तितक्या जास्त. कासार आळीला सात. नावांची मुखत्यारी आजपासून गोजराबाईंकडे! आणि पंतांनी यंदाचा पावसाळा कासार आळीत काढावा. मोठे जाणकार आहेत पाण्याचे!"