सरांच्या टेबलावरची घंटा

काळजी करणं हाच खरं तर माझा मुख्य विषय, पण त्याची पदवी मिळत नाही. म्हणून बीएला मानसशास्त्र घ्यायचं ठरवलं. त्यासाठी विभागप्रमुख हुपरीकर सरांचा होकार लागत होता. त्या दिवशी सांभाळायला कोणी नव्हतं, तेव्हा दोन वर्षांच्या रेवाला कडेवर घेऊनच गेले.

"अहो बाई, या विषयात प्रयोग असतात. लेकुरवाळीला ते झेपायचे नाहीत. दुसरं काहीतरी सोपं घ्या," सर म्हणाले.

तेवढ्यात रेवाने टेबलावरची घंटा वाजवली. ती गप्प बसावी म्हणून सरांनी डब्यातलं बिस्किट तिला दिलं. ते संपताच तिने पुन्हा घंटा वाजवली, पुन्हा बिस्किट मिळालं. मी लाजेने अर्धमेली झाले. तिसऱ्यांदा घंटा वाजली, तेव्हा सरांचा हात बोलता बोलता आपसूकच डब्यात गेला.

"सर, लेकुरवाळीचं राहू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या लेकराने तर नुसती घंटा वाजवून तुम्हाला बिस्किट द्यायला शिकवलंसुद्धा!"

बाप रे! हे मी बोलले?

सरांचा हात डब्यातच थिजला. ते कधी हाताकडे, कधी रेवाकडे बघत राहिले.

"सोमवारपासून तासाला या," शेवटी ते पुटपुटले, "पण या बाईंना घरी ठेवा."