टोचणारी घोंगडी

"एकच वाक्य, बुवा. तेवढेही बोलणार नाही?"

सिदराम हिंगमिरे मठाच्या ओसरीवर मोबाइल घेऊन उभा होता. पायाशी नवी काळी घोंगडी होती. घरचे दोन माग बंद पडले होते. तिसरा या हिवाळ्यावर तग धरून होता. शहरातली एक कंपनी गिरणीतली पांघरुणे हातमागाची घोंगडी म्हणून विकत होती. तिच्या जाहिराती ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजत होत्या.

सिदरामपाशी जाहिरातीला पैसा नव्हता. गुरू होते. निरंजनबुवांच्या शब्दाला बारा गावे मान देत.

"काय बोलायचे ते वाच."

सिदरामने कागद उलगडला. "तीनशे वर्षांची परंपरा. रेशमासारखा मऊ स्पर्श."

"तीनशे?"

"ती कंपनी दोनशे सांगते."

बुवा हसले नाहीत. "तुझ्या घरी माग कोणी आणला?"

"...आजोबांनी."

"घोंगडीला खळ दिलीस?"

सिदराम दुखावला. "हे काय विचारणे झाले? चिंचोके कुटून, शिजवून, दोन हात खळ दिली आहे. खळीवाचून तिला ताठपणा येत नाही, बुवा. पाणी अडत नाही."

बुवांनी उपरणे काढून खुंटीला लावले आणि उघडी पाठ त्याच्याकडे केली.

"घाल."

सिदरामने घोंगडी त्यांच्या खांद्यांवर घातली. बुवा डोळे मिटून बसले. बराच वेळ... त्यांची मान लाल होत गेली. मान खाजवायला हात मात्र वर आला नाही.

"आता लाव तुझा मोबाइल."

सिदरामचा चेहरा उजळला. त्याने मोबाइल समोर धरला.

"ही सिदराम हिंगमिरेची घोंगडी," बुवा म्हणाले. "ही टोचते. मेंढीची लोकर आहे, चिंचोक्याची खळ आहे, टोचणारच. ज्याला सोसवत नाही, त्याने घेऊ नये."

सिदरामचा हात खाली आला.

"बुडवलेत मला! जग मऊ मागते आहे, आणि तुम्ही..."

"तुझे वडील विकताना काय सांगत?"

वडील बाजारात जमिनीवर बसत. घोंगडी गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकत आणि दर वेळी तेच बोलत. ते ऐकून सिदरामला लहानपणी लाज वाटे.

"बोल."

"म्हणत... पहिल्या वर्षी ही तुम्हाला नकोशी होईल. दुसऱ्या वर्षी मागितली तरी तुम्ही कुणाला देणार नाही."

"हे तुझ्या कागदावर कुठे आहे?"

"ते दिवस गेले, बुवा! तेव्हा ती कंपनी नव्हती!"

"मऊपणात तू तिला हरवणार आहेस?"

सिदरामने बोटे मुठीत मिटली.

"चिंचोके शिजवताना हात पोळले असतील तुझे," बुवा म्हणाले. "आणि लिहायला बसलास, तेव्हा नेमके तेच लपवलेस."

सिदरामने कागदाकडे पाहिले. मग त्याची घडी केली, पुन्हा केली, आणि ओसरीच्या कडेला धुमसणाऱ्या धुनीत टाकली. मोबाइलवरचे चित्रण त्याने पुसले नाही. पण आवाज अजून ताठच होता.

"असेच पाठवतो सगळ्यांना. आणि कुणीच घेतली नाही तर?"

बुवांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"एक तर आत्ताच गेली. दुसरी मागावर चढव."