पतंगांचा होकार

“मग बाई, लेख आजच पाठवून देऊ ना?”

प्रमिलाबाई ऐनाच्या झाडाखाली चहा पीत बसल्या होत्या. किड्यांच्या गंधांवर त्यांनी उभं आयुष्य काढलेलं. समोर त्यांचा शिष्य, श्रीरंग वैरागडे. पोरगा हुशार, पण ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“कसला लेख?”

“असं काय बाई! टसर रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध. ज्याच्या मागे नर कुठून कुठून उडत येतात, तो. वर्षानुवर्षं खपलोय. मादीच्या ग्रंथीतून बरीच द्रव्यं निघाली. कचरा सगळा काढून टाकला आणि खरं तेवढं एकच ठेवलं. अगदी शुद्ध!”

“कोण म्हणतं?”

“यंत्र म्हणतं.”

“यंत्राला लग्न करायचंय का?”

श्रीरंग वरमला, पण हटला नाही. त्याने कुपी काढली, रबरी बुचावर थेंब टाकले आणि बूच फांदीला टांगलं. दिवस मावळत होता. पतंग उडायची हीच वेळ.

दोघं वाट बघत बसली...

एक नर येईल तर शपथ!

“यंदाचे नरच मरतुकडे निघाले,” श्रीरंग करवादला. बाईंनी आणखी अर्धा कप ओतून घेतला.

तेवढ्यात एक पतंग आला. बुचाला वळसा घालून थेट श्रीरंगच्या खिशावर बसला. पाठोपाठ दुसरा. तिसरा तर शर्टातच शिरला.

“अहो बाई, हे काय!”

“खिशात काय आहे?”

त्याने चाचपून एक कळकट फडकं बाहेर काढलं. ग्रंथी चिरताना तो रोज त्याला हात पुसायचा. पतंग फडक्यावर तुटून पडले.

श्रीरंगचा चेहरा उतरला. “यात तर सगळंच आहे, बाई. मी टाकलेलंसुद्धा...”

“हं.”

“म्हणजे एकट्याने भागत नाही. त्या कचऱ्यातलंही काहीतरी लागतं.”

बाईंनी रिकामा कप खाली ठेवला.

पतंग आता त्याच्या कानावर, केसांत फडफडत होते. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं हसू. कितीतरी दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

“पण बाई,” जरा वेळाने त्याने चाचरत विचारलं, “लेखातलं सगळं यंत्राने तपासलंय हो. पाठवू, की नको?”

बाईंनी त्याच्या खांद्यावरच्या पतंगाकडे बोट दाखवलं.

“पाठव की. आधी ह्याला वाचून दाखव.”