धरणातल्या गाळाची चोरी

एका धरणाच्या काठी ठकूबाई राहायची, तिचा लेक म्हाळू आणि सून कोंडाबाई. त्यांचं काळंभोर शिवार धरणात बुडालं आणि बदल्यात मिळाला मुरमाड माळ. धरणाने वीज दिली, खालची गावं भिजवली. माळावर मात्र कुसळंच उगवली.

उन्हाळ्यात पाणी मागे हटलं, तसा म्हाळू उघडा पडलेला गाळ गाडीने माळावर नेऊ लागला. धरणावरचे अधिकारी प्रधानसाहेब यांनी गाडी अडवली. "गाळ सरकारी आहे. चोरी केलीस, गाडीबैल जप्त!"

बैल गेले की पेरणी गेली. ठकूबाई पुढे झाली.

"साहेब, धरणात पाणी किती मावतं हो?"

"बांधलं तेव्हा मावायचं तेवढंच. दर साली मीच तसं वर लिहून कळवतो."

"म्हणजे गाळ साठलाच नाही! मग माझ्या लेकाने चोरलं काय? आणि साठला असेल, तर तेवढी पाण्याची जागा बुजली, तेवढी वीज घटली, हेही वर कळवा की."

साहेबांनी बैलाची वेसण सोडली. "न्या, आजी. लागेल तेवढा न्या."

त्या साली माळावर पुरुषभर जोंधळा उभा राहिला, आणि कोंडाबाईने घरच्या दाण्याची पहिली भाकरी सासूच्या ताटात वाढली.