तिथीवाचूनचा संकल्प

पूर्वी कृतयुगात, धर्म चारही पायांवर उभा असताना आणि माणसांना शंका फारशा येत नसताना, तुंगवती नदीच्या तीरी वैतान नावाच्या महातपस्वी ऋषींचा आश्रम होता. आम्रवृक्षांच्या गर्द छायेत तेथे मृगशावके निर्भय बागडत आणि होमधूमाने आसमंत सुगंधित होई. स्वस्थता नव्हती ती एकट्या वैतानांना. एखादा प्रश्न डोक्यात शिरला, की तो सुटेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे.

त्यांची एकुलती कन्या नीवारा विषमज्वराने अंथरुणाला खिळली. सर्व वनौषधी निष्फळ ठरल्या, तेव्हा तिच्या आयुष्यासाठी ऋषींनी यज्ञ मांडला. आरंभी तळहातावर पाणी घ्यावे, युग, मास, तिथी उच्चारावी आणि पाणी सोडावे, हा संकल्पाचा विधी. त्यावाचून कोणतेही कर्म फळत नाही.

वैतानांनी पाणी घेतले आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सृष्टी निर्मिताना परमेश्वरानेही संकल्प केला असणार. पण तेव्हा काळच नव्हता, तर त्याने तिथी कोणती उच्चारली? तिथीवाचून संकल्प व्यर्थ. मग ही सृष्टीही व्यर्थ, आणि हा यज्ञही!

त्यांचा हात जागच्या जागी थिजला. नीवाराचे मस्तक मांडीवर घेऊन बसलेली ऋषिपत्नी शुचिव्रता व्याकुळ होऊन म्हणाली, "आर्य, पाणी सोडा! लेकीचा जीव टांगणीला लागला आहे."

"देवी, जिचा आरंभच सदोष, त्या सृष्टीत मी कोणत्या बळावर आरंभ करू?"

"मग ज्याने तो आरंभ केला, त्याला जाब विचारा. माझ्या लेकीला वेठीस का धरता?"

संतप्त वैतानांनी खरोखरच आदिपुरुषाला हाक मारली. वेदीतील अग्नी गगनाला भिडला आणि त्या तेजात तो कालातीत प्रभू प्रकटला.

"हे अनादी, तू कधीच बदलत नाहीस, मग 'सृष्टी व्हावी' ही इच्छा तुला कोणत्या क्षणी झाली? अगोदर नव्हती, तर तू बदललास. सदैव होती, तर सृष्टीला विलंब का?"

इतक्यात नीवाराचा श्वास अडकला. शुचिव्रतेने हंबरडा फोडला आणि वैतानांच्या हातातील पाणी एकदम वेदीवर सांडले. मुलीने दीर्घ श्वास घेतला. तेव्हा प्रभूने ऋषींना विचारले,

"वत्सा, तिथी कोणती उच्चारलीस?"

"भान कुठे होते, प्रभो?"

"ही जगावी, असे तू कोणत्या क्षणी ठरवलेस?"

"ठरवायचे काय त्यात? ते होतेच."

"माझेही तसेच. इच्छा होतीच. तिथी असते ती पडणाऱ्या पाण्याला, इच्छेला नव्हे. काळ सृष्टीबरोबरच जन्मला. त्याच्या आधी विलंब तरी कोण मोजणार? विलंब झाला तो तुझ्याकडून. कन्या जगेल, पण त्या विलंबापायी तुझ्या वंशाला शंका कधी सोडणार नाही."

वैतानांनी मुलीला पोटाशी धरले. तरी 'होतीच म्हणजे कशी?' हे त्यांच्या तोंडून निसटलेच, आणि शुचिव्रतेने डोळे वटारले.

ती शंका त्या कुळात अजून आहे. मात्र लेकराच्या जिवासाठी पाणी हाती घेतले, की त्या घरचे लोक तिथी उच्चारत नाहीत. आधी पाणी सोडतात. वाद मागाहून घालतात.